शत्रू सोपा करा, विमान नको

कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर नव्याने घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यातच एका पानापाशी अडकतो. ते पान म्हणजे सेटिंगमधलं 'डिफिकल्टी'. तिथे वीस-पंचवीस चौकोन असतात. विमान स्टॉल व्हावं का? इंजिन तापावं का? शत्रूच्या विमानावर नावाची पट्टी दिसावी का? गोळ्या अमर्याद हव्यात का? सगळं अवघड ठेवलं तर विमान उडण्याआधीच धावपट्टीवर गिरकी घेऊन गवतात जातं. सगळं सोपं केलं तर पहिल्याच रात्री शत्रूची पाच विमानं पडतात, पण मनात शंका राहते की हे मी शिकतोय की संगणक माझ्यासाठी करतोय.

ठाकुर्लीसारख्या उपनगरात राहणाऱ्यासाठी हा प्रश्न मुख्यतः वेळेचा आहे. लोकलने जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्याच्या हाती रात्री जेवणानंतर जेमतेम पाऊण तास उरतो. तो चुकीच्या सरावात गेला तर सहा महिन्यांनीही माणूस जिथल्या तिथेच राहतो, आणि मग 'आपल्याला हे जमणार नाही' म्हणून जॉयस्टिक माळ्यावर जाते.

थोडक्यात उत्तर असं: सोप्या सेटिंगवरचा सराव उपयोगी पडतो, पण सगळ्या सोप्या सेटिंग सारख्या नसतात. सेटिंग जे काम तुमच्याऐवजी करते ते तुम्ही शिकत नाही. काम तुमच्याकडेच ठेवून ती फक्त त्याचा भार कमी करत असेल, तर ते तुम्ही लवकर शिकता. म्हणून कुठल्याही चौकोनात खूण करण्याआधी ती सेटिंग या दोनांपैकी काय करते ते पाहा.

सेटिंगचे तीन ढीग

'आयएल-२', 'डीसीएस वर्ल्ड', 'फाल्कन बीएमएस' किंवा 'वॉर थंडर', यांपैकी तुम्ही काहीही खेळत असाल, त्यातल्या सोप्या सेटिंग तीन ढिगांत वाटता येतात.

पहिला ढीग परिणाम सौम्य करणाऱ्यांचा: अमर्याद इंधन, अमर्याद गोळ्या, विमानाला इजा न होणं, वारा आणि ढग नसणं. यात विमान खरंच राहतं, फक्त चुकीची शिक्षा कमी होते.

दुसरा ढीग तुमचे डोळे, हात किंवा पाय उसने देणाऱ्यांचा: शत्रूवरचं लेबल, नेम कुठे धरायचा ते दाखवणारं चिन्ह, नजर आपोआप शत्रूवर खिळवून ठेवणारं पॅडलॉक, ऑटो-रडर, इंजिनाचं स्वयंचलित नियंत्रण, बाहेरून विमान पाहण्याची सोय.

तिसरा ढीग विमानाचा स्वभावच बदलणाऱ्यांचा: सोपं भौतिकशास्त्र, स्टॉल आणि स्पिन बंद, प्रोपेलरचा टॉर्क बंद. 'डीसीएस'मधला 'गेम फ्लाइट मोड' आणि 'आयएल-२'मधली 'सिम्प्लिफाइड फिजिक्स' याच ढिगात मोडतात.

नियम असा: पहिला ढीग सुरुवातीला बिनधास्त वापरा. दुसऱ्यातली प्रत्येक वस्तू मुदत ठरवून उसनी घ्या. तिसऱ्याला हात लावू नका.

गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हा फरक लगेच कळेल. पाठीला डबा बांधला तरी पाणी पाणीच राहतं आणि हातपाय आपल्यालाच मारावे लागतात, म्हणून डबा सुटल्यावरही पोहता येतं. होडीत बसून कितीही फेऱ्या मारल्या तरी पोहणं येत नाही. पहिला ढीग डब्याचा आहे, तिसरा होडीचा.

विमानाचा स्वभाव का बदलू नये

ठाकुर्लीपासून थोड्याच अंतरावर, कल्याण-मलंगगड रस्त्यावरच्या नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी विमानतळ बांधला होता. गेममध्ये आपण जी स्पिटफायर, याक किंवा मेसरश्मिट उडवतो ती त्याच युद्धातली विमानं. त्यांच्या पुढच्या मोठ्या प्रोपेलरमुळे पूर्ण पॉवर देताच नाक एका बाजूला ओढलं जातं, आणि ते सरळ धरायला पायाने रडर दाबावं लागतं. हवेत वेग बदलला की रडरही बदलतं. हळू वेगात जोरात वळलात की एक पंख आधी हार मानतो (हा स्टॉल) आणि विमान उलटं फिरतं (ही स्पिन).

टॉर्क बंद करून महिनाभर खेळणाऱ्याचे पाय स्वस्थ बसायला शिकतात. स्टॉल बंद करून खेळणारा हात शत्रू दिसला की जॉयस्टिक पोटापर्यंत ओढायला शिकतो. ही सवय पुढे मोडावी लागते, आणि नवं शिकण्यापेक्षा जुनं मोडायला जास्त वेळ लागतो. त्यातून हवाई लढतीचा गाभाच मुळी वेग आणि उंचीच्या हिशेबात आहे. ओढून वळलात तर वेग जातो, वेग गेला की पुढचं वळण मिळत नाही. सोप्या भौतिकशास्त्रात हा हिशेब ढिला पडतो आणि शिकायचं तेच नेमकं हातून निसटतं.

मग विमान फारच अवघड वाटत असेल तर? सेटिंग सोपी करू नका, सोपं विमान निवडा. 'डीसीएस'मध्ये 'टीएफ-५१डी' मोफत मिळतं. त्याला शस्त्रं नाहीत, पण ते मस्टँगचंच खरं उड्डाण देतं. 'आयएल-२'मध्ये इंजिनाच्या कटकटीला कंटाळला असाल, तर स्वयंचलित इंजिनाची सेटिंग लावण्याऐवजी मेसरश्मिट १०९ एफ-४ घ्या. त्या विमानात प्रोपेलरचा कोन आणि रेडिएटर मुळातच आपोआप सांभाळले जात. सोव्हिएत याक-१मध्ये तीच कामं वैमानिकाला हाताने करावी लागत. म्हणजे सोय हवी असेल तर ती इतिहासातल्या खऱ्या विमानातच सापडते, खोट्या भौतिकशास्त्राकडे जायची गरज पडत नाही.

हवाई दल सोपं कशाला म्हणतं

खरे वैमानिकही सोप्यापासूनच सुरुवात करतात, पण त्यांचं 'सोपं' वेगळं असतं. भारतीय हवाई दलाचा कॅडेट डुंडिगलच्या अकादमीत पिलाटस पीसी-७ या प्रोपेलरच्या विमानावर पहिले धडे घेतो. हे विमान २०१३ मध्ये दलात आलं. ते जेटपेक्षा सावकाश आहे आणि मागच्या सीटवर शिक्षक असतो, पण स्टॉल आणि स्पिन पहिल्या टप्प्यातच शिकवले जातात. शिकाऊ माणसासाठी वेग कमी केलेला असतो, निसर्गाचे नियम तेच राहतात.

टप्प्यांमधली उडी फार मोठी झाली तर काय होतं, हेही आपल्या हवाई दलाने सोसलं आहे. किरण किंवा इस्क्रा अशा शिकाऊ जेटवरून तरुण वैमानिक थेट मिग-२१वर जात, जे उतरतानाही ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगात असतं. मधली पायरी म्हणून प्रगत जेट ट्रेनर हवा, ही शिफारस ला फोंतेन समितीने १९८२ मध्ये केली. हॉक विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि ती बीदरला २००८ मध्ये दाखल झाली. त्या काळातल्या अपघातांना कारणं अनेक होती आणि प्रत्येकाचं कारण वेगळं तपासावं लागतं, पण मधली पायरी नसणं हा प्रश्न वर्षानुवर्षं मांडला गेला. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडजवळ मिग-२१च्या अपघातात गेले. त्यानंतर त्यांच्या आईवडिलांनी, कविता आणि अनिल गाडगीळ यांनी, हवाई सुरक्षिततेचा प्रश्न लावून धरला आणि मुलाच्या स्मरणार्थ पुण्यात सिम्युलेटरवर प्रशिक्षण देणारी 'जीत एअरोस्पेस इन्स्टिट्यूट' उभी केली. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनलेलं मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झालं.

आपल्या पडद्यावर कुणाचा जीव जात नाही. पण शिकण्याचा नियम तोच आहे: दोन पायऱ्यांमधलं अंतर एका वेळी ओलांडता येईल एवढंच ठेवा. 'सगळं सोपं' पासून 'सगळं अवघड' पर्यंत एका रात्रीत उडी मारणारे बहुतेकजण आठवड्याभरात परत 'सगळं सोपं'वर येतात.

उसनी सोय कशी परत करायची

दुसरा ढीग सगळ्यात फसवा, कारण त्यात खूप शिकल्यासारखं वाटतं. हालचाली शिकण्यावर संशोधन करणाऱ्या सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली: सरावात सतत बाहेरून सूचना मिळत राहिली तर त्या वेळची कामगिरी सुधारते, पण सूचना काढून घेतली की शिकणारा लंगडा पडतो. तो स्वतःच्या डोळ्यांवर आणि हातांवर विसंबायला शिकलेलाच नसतो. नेम दाखवणारं चिन्ह आणि शत्रूवरचं लेबल या अशाच सूचना आहेत.

म्हणून त्या पुढच्या क्रमाने परत करा.

सगळ्यात आधी ऑटो-रडर. 'डीसीएस'मधल्या महायुद्धकालीन विमानांना टेकऑफ-मदतीची सरकपट्टी असते. ती पूर्ण असेल तर दर आठवड्याला पाव-पाव कमी करत शून्यावर आणा. पेडल नसतील तर दांडा पिळून चालणारी जॉयस्टिक पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी करताना 'ट्विस्ट आहे का' एवढं विचारून घ्या.

मग नेमाचं चिन्ह. ते काढल्यावर पहिले काही दिवस गोळ्या कुठेही जातील. दोन्ही पंखांतल्या बंदुकांच्या गोळ्या जिथे एकत्र येतात ते अंतर २०० ते २५० मीटर ठेवा आणि शत्रूचे पंख पडद्यावर भरतील एवढं जवळ गेल्याशिवाय ट्रिगर दाबू नका.

त्यानंतर बाहेरचं दृश्य आणि पॅडलॉक. कॉकपिटमधूनच शत्रूचा माग ठेवणं हे हवाई लढतीतलं सर्वांत मोठं कसब आहे, आणि ते पॅडलॉकने कधीच येत नाही. त्यासाठी मान वळवण्याची सोय लागते. महागडं उपकरण नको असेल तर साधा वेबकॅम आणि 'ओपनट्रॅक' हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

शेवटी लेबल. आधी पूर्ण लेबल, मग फक्त ठिपका, मग काहीच नाही. ठिपक्यावर थांबलात तरी अपराधी वाटून घेऊ नका. उघड्या डोळ्यांना दूरवर दिसणारं विमान साध्या मॉनिटरवर एक-दोन पिक्सेलचं होऊन हरवतं, त्यामुळे ठिपका बऱ्याचदा मॉनिटरची उणीवच भरून काढतो.

'वॉर थंडर'मध्ये माऊसने खेळणाऱ्यांसाठी वेगळा सल्ला. आर्केड आणि रिअलिस्टिकमध्ये माऊसने फक्त दिशा दाखवली की गेमच विमान सांभाळतो. तिथे कमावलेलं उंचीचं भान, कुणावर हल्ला करायचा आणि कधी पळायचं ही समज सिम्युलेटर मोडमध्ये सोबत येते. हाताचं कसब मात्र येत नाही, ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. हे आधीच माहीत असलं की पहिल्या आठवड्यातल्या अपयशाने खच्ची व्हायला होत नाही.

पहिल्या ढिगालाही मुदत हवी

अमर्याद गोळ्या नेम शिकायला चांगल्या, कारण एका उड्डाणात शंभर वेळा प्रयत्न करता येतो. पण त्या फार काळ ठेवल्या तर लांबूनच फवारा मारायची खोड लागते. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये आठ बंदुका आणि प्रत्येकीत ३०० गोळ्या असत. ट्रिगर धरून ठेवला तर साधारण १५ सेकंदांत सगळं संपे. तेव्हाचा वैमानिक दोन-दोन सेकंदांच्या झटक्यांत विचार करत होता. नेम बसू लागला की लगेच मर्यादा घाला.

'इजा होत नाही' ही सेटिंग तर त्याहून लवकर काढा. ती असताना समोरासमोर धडकून जाण्याचं धाडस सहज जमतं, आणि खऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर तेच धाडस पहिल्या मिनिटात घरी पाठवतं.

अवघड तेच ठेवून सोपा सराव

पूर्ण अवघड सेटिंगवरही सराव सोपा करण्याचे तीन मार्ग आहेत, आणि माझ्या मते ते कुठल्याही चौकोनापेक्षा जास्त देतात.

पहिला मार्ग, शत्रू सोपा करणं. 'डीसीएस'मध्ये संगणकाच्या वैमानिकांचे रूकी, ट्रेन्ड, व्हेटरन आणि एस असे दर्जे आहेत. रूकी घ्या, एकच घ्या आणि त्याच्या मागे ३,००० फुटांवरून सुरुवात करा. जमलं की ६,००० फूट, मग ९,०००. हवाई दलांत डॉगफाइटचे धडे असेच, मागून फायद्याच्या जागेवरून सुरू होतात. मग वैमानिक बचावाच्या बाजूला बसतो, आणि समोरासमोरची लढत शेवटी येते.

दुसरा मार्ग, शेवटापासून शिकणं. वाइटमन आणि लिंटर्न यांनी १९८५ मध्ये उड्डाणासारख्या कामांच्या तुकडे पाडून केलेल्या सरावाचा आढावा घेतला. त्यात काम टप्प्यांत तोडून शेवटचा टप्पा आधी शिकवण्याची पद्धत उपयोगी ठरलेली दिसली, तर नुसतं काम सोपं करण्याच्या पद्धतीला तितका ठाम आधार मिळाला नाही. म्हणून उतरणं शिकताना विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत, खाली येत असलेलं ठेवून मोहीम सुरू करा. ते जमलं की शेवटच्या वळणापासून, मग पूर्ण फेरी. गोळीबारही तसाच, आधी शत्रूच्या अगदी मागून, मग लांबून.

तिसरा मार्ग, लक्ष बदलत राहणं. इस्रायलमध्ये गोफर, वाइल आणि बारेकेत यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हवाई दलाच्या कॅडेटांना 'स्पेस फोर्ट्रेस' नावाचा एक साधासुधा संगणकी खेळ दहा तास खेळायला दिला होता. दिसायला त्या खेळाचा विमानाशी काही संबंध नव्हता. तरी तो खेळलेल्यांची पुढची प्रत्यक्ष उड्डाणं न खेळलेल्यांपेक्षा सरस ठरली. खेळ सोपा केलेला नव्हता. सगळा खेळ चालू ठेवून आज या गोष्टीकडे लक्ष द्या, उद्या त्या, असं त्यांना शिकवलं होतं. आपल्याला हेच करता येतं. एका रात्री फक्त शत्रू नजरेतून सुटू न देणं, मग पडलात तरी चालेल. दुसऱ्या रात्री फक्त वेग सांभाळणं, गोळी सुटली नाही तरी चालेल. तिसऱ्या रात्री फक्त बचाव. लढत पूर्ण खरी ठेवायची आणि स्वतःला गुण मात्र एकाच गोष्टीचे द्यायचे.

आठवड्याचा आराखडा

रोजचा पाऊण तास असेल तर असं वाटून पाहा. सोमवार ते बुधवार एकाच कसबाचा सराव, पहिल्या ढिगातल्या सोयी वापरून आणि सोप्या शत्रूसमोर. गुरुवारी-शुक्रवारी त्याच कसबासाठी दुसऱ्या ढिगातली एक सोय बंद. शनिवारी सगळं अवघड ठेवून एक पूर्ण उड्डाण: टेकऑफ, लढत, परत येऊन उतरणं. रविवारी 'टॅकव्ह्यू'वर शनिवारची नोंद पाहा. हे सॉफ्टवेअर 'डीसीएस', 'आयएल-२' आणि 'फाल्कन बीएमएस'ची उड्डाणं नोंदवतं आणि त्याची मोफत आवृत्ती आहे. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी वहीत लिहा: शत्रू किती वेळा नजरेतून सुटला, झाडलेल्यांपैकी किती गोळ्या लागल्या, आणि विमान धड उतरलं का. किती विमानं पाडली हा आकडा लिहू नका. तो सेटिंगवर अवलंबून असतो, आणि संगणकाचा शत्रू कधी बावळट तर कधी विमानाच्या ताकदीबाहेरचं उडतो.

शनिवारच्या या तीन नोंदी दोन-तीन आठवडे सुधारत नसतील, तर सोमवार ते शुक्रवारच्या सोयींपैकी एखादी तुमचं काम करून टाकते आहे असं समजा. तीच शोधून बंद करा.

ज्यांना शिकायचंच नाही त्यांच्यासाठी

प्रत्येकाला कसब कमवायचं नसतं. दिवसभर उभ्याने प्रवास करून आलेल्याला ढगांतून तासभर भटकायचं असेल, किंवा आजोबांना नातवासोबत दोन विमानं पाडायची असतील, तर सगळ्या सोयी चालू ठेवा आणि मजा करा. हात थरथरत असतील, नजर कमी असेल, तर लेबल आणि मदत कायमची ठेवण्यातही काही गैर नाही. फक्त मजा आणि सराव यांची गल्लत करू नका. मजेची उड्डाणं कितीही झाली तरी सरावाच्या वहीत जमा होत नाहीत.

शिकायचं असेल त्याने आज रात्री एवढंच करावं. डिफिकल्टीचं पान उघडा आणि प्रत्येक चौकोनापुढे विचारा: हे माझी चूक माफ करतं, माझं काम करतं, की माझं विमान बदलतं? विमान बदलणारे सगळे चौकोन आत्ताच नाकारा. काम करणाऱ्यांपैकी एक निवडून त्याच्यापुढे बंद करण्याची तारीख लिहा. बाकीचे तसेच राहू द्या, आणि एका रूकी शत्रूच्या मागे ३,००० फुटांवरून उड्डाण सुरू करा.